रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर फोम : प्रकल्प नोंदी

4 जानेवारी 2025

टेबल : 1800 × 600 मिमी, 19 मिमी प्लाय, वर 1 मिमी सनमायका. काम : जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ आणि थोडे ट्रान्झिस्टर सेट. जागा : पुणे, पूर्वेकडची खिडकी, सकाळी दोन तास थेट ऊन.

तक्रारी तीन. लाकडी कॅबिनेट उपडं केलं की पॉलिशला ओरखडे पडतात. चॅसी (सगळे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती पत्र्याची बैठक) काढून ठेवली की तिच्या पत्र्याच्या कडा सनमायकावर घसरतात, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला वजन जास्त असल्याने ती गर्रकन फिरते आणि डायलच्या काचेवर जाते. तिसरी म्हणजे 6 बीएचा (जुन्या ब्रिटिश मापाचा) स्क्रू सनमायकावर पडला की कुठे जाईल सांगता येत नाही. हे स्क्रू 2.8 मिमीचे, आता कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळत नाहीत, म्हणून एकेक जपावा लागतो.

म्हणजे पृष्ठभाग मऊ हवा, पण त्यावर 9-10 किलोचा सेट तळाच्या चार रबरी बुटांवर आठवडाभर उभा राहिला तरी खड्डा पडता कामा नये. स्पिरिट, टर्पेंटाइन, रॉकेल सांडणार हे गृहीत. सोल्डरचे थेंब पडणार हेही गृहीत. पॉलिशला डाग द्यायचा नाही, प्लॅस्टिकच्या कॅबिनेटला चिकटायचं नाही.

9 जानेवारी

बाजारात "फोम" म्हटलं की पहिल्यांदा गादीचाच फोम पुढे येतो. दुकानदार "किती एमएम?" एवढंच विचारतो. उलट "डेन्सिटी किती?" म्हणून आपण विचारलं, तर गादीवाला 32 किंवा 40 असं पटकन सांगतो (म्हणजे एका घनमीटरला तितके किलो), बाकीचे हाताने दाबून दाखवतात. दाबून काही कळत नाही. अंगठ्याखाली मऊ लागणारा आणि बुटाखाली टिकणारा हे दोन वेगळे फोम आहेत.

जमा केलेले नमुने, प्रत्येकी 300 × 300 मिमी :

पांढरा पॅकिंगचा फोम (टीव्हीच्या खोक्यात असतो तो, ईपीई), 10 मिमी.
पत्र्याच्या छपराखाली लावतात तो एक्सएलपीई, 10 मिमी, एका बाजूला चांदी कागद. तो सोलून काढला.
मुलांच्या खोलीत अंथरतात त्या, एकमेकींत अडकणाऱ्या दात्यांच्या ईव्हीए (रबरासारखं मऊ प्लॅस्टिक) फरश्या, 12 मिमी.
चपलांच्या मालाच्या दुकानातलं ईव्हीए शीट, 10 मिमी.
गादीचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, 40 डेन्सिटी, 25 मिमी.
एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा नायट्राइल फोम, 13 मिमी.
ड्रॉवरमध्ये अंथरायची पीव्हीसीची जाळीदार मॅट. ही फोम म्हणून नाही, पण सगळे हीच सुचवतात म्हणून घेतली.

सूक्ष्मछिद्री रबराचं शीट, म्हणजे एमसीआर, मुद्दाम घेतलं नाही. मधुमेही आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांच्या चपलांसाठी वापरतात ते. उशी म्हणून त्याला तोड नाही, पण रबर गंधकाने पिकवलेलं (गंधक घालून, तापवून टिकाऊ केलेलं) असतं आणि गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. बँड स्विचचे (मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह बदलायच्या खटक्याचे) संपर्क चांदीच्या मुलाम्याचेच असतात. दुरुस्तीला चॅसी महिना महिना टेबलावर राहते, त्यामुळे हे नको. ईव्हीए बहुधा पेरॉक्साइडने पिकवतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

12 जानेवारी

घनता मोजली. 300 × 300 मिमी तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं, 9 ने भागायचं, मग जाडीने (मिमीमध्ये) भागून 100 ने गुणायचं. उत्तर सरळ किलो प्रति घनमीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 1 ग्रॅमपेक्षा कमी दिसत नाही, म्हणून 100 × 100 चा तुकडा घेऊ नये; पॅकिंगच्या फोमचा तो तुकडा जेमतेम 2 ग्रॅम भरतो आणि चूक निम्म्यापर्यंत जाते.

आलेले आकडे : पॅकिंगचा 22, एक्सएलपीई 31, दात्यांची फरशी 96, ईव्हीए शीट 142, पीयू 38, नायट्राइल 61.

पीयू 40 म्हणून दिलेला 38 निघाला, ठीक आहे. दात्यांची फरशी आणि शीट दोन्ही "ईव्हीए" म्हणूनच विकली जातात, पण त्यांच्यात जवळजवळ दीडपट फरक आहे. नुसतं ईव्हीए सांगून मागणी केली तर काय हाती येईल ते नशीब.

14 जानेवारी

नाण्याची चाचणी. 10 रुपयांचं नाणं 27 मिमी व्यासाचं, क्षेत्रफळ 5.73 चौ. सेंमी. तीन नाणी त्रिकोणात, त्यावर 250 × 250 प्लायचा तुकडा, त्यावर 20 लिटर पाण्याचा भरलेला जार. एका चौ. सेंमीला साधारण 1.2 किलो. 9 किलोचा सेट 15 मिमीच्या चार रबरी बुटांवर उभा असतो तेव्हाही जवळपास इतकाच दाब पडतो (1.27), म्हणून हेच वजन धरलं. 24 तास ठेवून काढलं. खड्ड्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या दांडीने खोली घेतली, एकदा तासाने, एकदा दुसऱ्या दिवशी.

पॅकिंगचा : तासाने 4.0, दुसऱ्या दिवशी 3.1 मिमी. हा खड्डा कायमचा. आतल्या पेशी फुटतात, परत फुगत नाहीत.
एक्सएलपीई : 1.6, मग 0.9.
दात्यांची फरशी : 0.9, मग 0.4.
ईव्हीए शीट : 0.5, मग 0.2.
नायट्राइल : 2.2, मग 1.0.
पीयू : वजन असताना पूर्ण चेपला, म्हणजे सेट प्रत्यक्षात प्लायवरच उभा, वजन काढल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी खूणही नाही.

पीयूचा हा गुण फसवा आहे. परत फुगतो म्हणून लोक तो घेतात, पण वजन असताना त्याचा उपयोग शून्य, शिवाय उघड्या पेशींचा असल्याने सांडलेलं सगळं पितो. आणि रेडिओवाल्यांना वेगळं सांगायला नको : जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड बोट लागताच भुगा होते, ती हीच जात. दमट हवेत पीयू कुजतो. बाद.

17 जानेवारी

उसळी. 6 मिमीचा बेअरिंगचा छर्रा 300 मिमीवरून सोडला, मागे पट्टी उभी करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपला. सनमायका 120 मिमी, ईव्हीए शीट 110, दात्यांची फरशी 100, पॅकिंगचा 60, नायट्राइल 50.

ईव्हीए टाकला की स्क्रू उडणार नाही, ही समजूत इथे मोडली. बंद पेशींचा ईव्हीए लवचीक असतो, घेतलेली ऊर्जा परत देतो. बुटाच्या तळव्याला तो म्हणूनच वापरतात. घरंगळणं मात्र कमी होतं. शीटवर मांजरपाटाचा एक सैल थर टाकला तर उसळी 70 वर आली. कापडाचं काम स्वच्छतेपुरतं धरलं होतं, ते आता दुहेरी झालं.

उष्णता. 60/40 सोल्डरचा (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) थेंब 100 मिमीवरून. पॅकिंगच्या फोमला आरपार भोक, एक्सएलपीईला तसंच. ईव्हीएमध्ये 2 मिमी खोल खळगा आणि थेंब आत चिकटलेला, काढताना फोमही येतो. नायट्राइल करपतो पण वितळत नाही. ईव्हीए 100 अंशांच्या आतच मऊ पडतो आणि हे सोल्डर वितळतंच 183 पासून पुढे, तेव्हा तक्रार करण्यासारखं काही नाही. सोल्डरिंगची जागा फोमची नाही, एवढं नक्की.

द्रव. प्रत्येक नमुन्यावर अर्धा चमचा ओतून वर काच झाकली, तासभर. आयसोप्रोपिल आणि साधं स्पिरिट : ईव्हीएला काही नाही. टर्पेंटाइन आणि रॉकेल : ईव्हीए वीस मिनिटांत फुगला, टेंगूळ आलं, दुसऱ्या दिवशी बसलं, पण सुरकुती राहिली. थिनर लावूच नये. नायट्राइलला तेलाचं काही वाटत नाही, त्या रबराचा गुणच तो.

हे बघता नायट्राइल जिंकतोय असं वाटेल. पॉलिशच्या चाचणीपर्यंत थांबणे.

1 फेब्रुवारी

17 जानेवारीला संध्याकाळी फ्रेंच पॉलिश केलेल्या सागाच्या फळीवर आणि एका मोडक्या ट्रान्झिस्टर सेटच्या पॉलिस्टायरीनच्या पाठीवर सगळ्या नमुन्यांचे 50 मिमी तुकडे ठेवून वर 2 किलो वजन दिलं होतं. आज उचलले.

ईव्हीएच्या दोन्ही नमुन्यांखाली काही नाही. एक्सएलपीई, पॅकिंगचा : काही नाही. नायट्राइल : पॉलिशवर धूसर चौकोन, पुसल्यावर फिका झाला पण गेला नाही. पीव्हीसीची जाळी : पॉलिशमध्ये जाळीची नक्षी उमटली, बोटाला चिकट. पॉलिस्टायरीनवर तर जिथे जिथे जाळीची गाठ टेकली तिथे तिथे चकचकीत, मऊ ठिपका, नखाने ओरबाडला तर निघतो.

कारण साधं आहे. मऊ पीव्हीसी मऊ असतं ते त्यात मुरवलेल्या तेलकट प्लॅस्टिसायझरमुळे. ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या पॉलिशमध्ये किंवा पॉलिस्टायरीनमध्ये शिरतं, मग ते मऊ पडतं. काळ्या पाइप-फोममध्येही नायट्राइलबरोबर पीव्हीसी आणि प्लॅस्टिसायझर असतात. प्लॅस्टिकची मॉडेलं जोडणाऱ्यांना हे ठाऊक असतं, मऊ विनाइलच्या टायरने चाकाची रिम वितळते ती याचमुळे. जाळीदार मॅट टेबलावरून कायमची बाद. नायट्राइल फक्त चॅसीखाली चालेल, कॅबिनेटखाली नाही.

4 फेब्रुवारी

निर्णय. एकच पदार्थ पूर्ण टेबलभर टाकायचा नाही. तीन भाग, तिन्हींची वरची पातळी सनमायकापासून 10 मिमी. पातळी सारखी ठेवण्यावर अडून बसायचं, कारण कॅबिनेट एका भागातून दुसऱ्या भागात सरकवताना 2 मिमीची पायरीसुद्धा बुटाला अडते आणि सेट पुढे कलतो.

डावीकडे 900 × 600, कॅबिनेटसाठी : 10 मिमी ईव्हीए शीट, 140च्या आसपास घनता, वर मांजरपाट.

मधे 600 × 600, चॅसीसाठी : 8 मिमी ईव्हीए, वर 2 मिमी विद्युतरोधक मॅट. ही मॅट आयएस 15652 (अशा मॅटचं भारतीय मानक) प्रमाणे असलेली घ्यायची, क्लास ए, 3.3 केव्हीची, 2 मिमी जाडी त्याच वर्गाची आहे.

उजवीकडे 300 × 600, सोल्डरिंग : फोम नाही. 6 मिमी प्लाय, वर 4 मिमी सिलिकॉन मॅट.

मधल्या भागात कुणी स्थिरविद्युत घालवणारी ईएसडी मॅट सुचवेल. इथे ती नको. जुन्या एसी/डीसी सेटमध्ये मेनची एक तार थेट चॅसीला असते; प्लग उलटा बसला की अख्खा पत्रा 230 व्होल्टवर. ईएसडी मॅट अर्थला जोडलेली असते. तिचा अर्थ 1 मेगओममधून असला तरी, पत्रा जिवंत असताना खाली अर्थकडे नेणारा पृष्ठभाग ठेवणं ही उलटी दिशा झाली. मॉसफेट किंवा आयसी हाताळायचे असतील तर ए4 आकाराची छोटी ईएसडी मॅट वेगळी आणायची आणि काम संपलं की गुंडाळून ठेवायची. विद्युतरोधक मॅट आली म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनपासून वेगळा पाडणारा) नको, असंही नाही. तो हवाच.

जाता जाता : काळा फोम म्हणजे कार्बनचा, म्हणजे वाहक, असं धरू नये. साधा काळा ईव्हीए उत्तम निरोधक आहे आणि हाताने घासला तर छान चार्ज होतो. 500 व्होल्टच्या मेगरने (निरोध मोजायच्या यंत्राने) बघितलं, काटा जागचा हलला नाही.

8 फेब्रुवारी

शीट आणली. चपलांच्या मालाच्या दुकानात 1 × 2 मीटरची शीट मिळते, 10 मिमीची एक आणि 8 मिमीची एक. रंग राखाडी. काळ्यावर काळा ग्रब स्क्रू दिसत नाही, पांढरं महिन्यात मळतं. फिकट राखाडीवर पितळ आणि स्टील दोन्ही उठून दिसतात.

घेताना दोन गोष्टी पाहायच्या. शीट जाड ठोकळ्यातून पावाच्या स्लाइससारखी कापलेली असते. ठोकळ्याच्या अगदी वरचं किंवा खालचं शीट असेल तर त्याच्या एका बाजूला गुळगुळीत साल असते. मधल्या शीटना दोन्ही बाजूंनी चिरलेल्या पेशी, त्यात लोखंडाचा कीस अडकतो. सालीचं शीट मागून घेतलं, साल वर ठेवायची. दुसरं, चारही कोपऱ्यांत जाडी मोजायची. 10 म्हणून दिलेल्याचे कोपरे 9.6 ते 10.3 निघाले, चालेल. यापेक्षा जास्त फरक असता तर परत केलं असतं.

नव्या ईव्हीएला उग्र वास असतो. फुगवायच्या रसायनातून उरणारं फॉर्मामाइड हा त्यातला काळजीचा भाग. त्यावरूनच 2010च्या अखेरीस बेल्जियम आणि फ्रान्सने मुलांच्या दात्यांच्या फरश्यांवर बंदी आणली होती. शीट गच्चीत सावलीत, दोरीवर नाही, काठ्यांवर आडवी पसरून आठवडाभर ठेवणे. उन्हात टाकू नये. दोरीवर टाकली तर मधोमध घडीची रेघ पडते आणि ती जात नाही.

15 फेब्रुवारी

कापण्याआधी शीट मोजली. 2000 ची 1988 झाली. ताजं ईव्हीए पहिले काही दिवस आक्रसतं, म्हणून आणल्या दिवशी मापात कापायचं नाही.

कापणी : 18 मिमीचा मोडत जायचा कटर, नवं पातं. खाली जुना हार्डबोर्ड. स्टीलची पट्टी रेघेला लावून तीन फेऱ्या : पहिली फक्त रेघ उमटवणारी, दुसरी अर्ध्यापर्यंत, तिसरी आरपार. पातं जमिनीशी 30 अंशांत ठेवलं तर स्वच्छ कापतं. उभं धरलं तर फोम ओढला जातो आणि कडेला करवतीसारखे दात पडतात. साधारण चार मीटर कापलं की पात्याचं टोक मोडून टाकायचं. ईव्हीएमध्ये चुन्यासारखी भर असते, ती धार लवकर खाते.

पहिला तुकडा वाया गेला. पट्टी गुडघ्याने जोरात दाबली होती. दाबलेला फोम कापला, दाब काढल्यावर तो फुगला आणि कड सरळ न राहता आत वळलेली निघाली, वर 900 तर मध्यावर 897. पट्टी फक्त हलेल न हलेल इतकीच दाबायची. काटकोन गुण्याने दोन्ही बाजूंनी तपासणे. 900 ला 901 आणि 600 ला 601 कापलं, म्हणजे शेजारचे तुकडे एकमेकांना किंचित दाबून बसतात आणि फटीत स्क्रू जात नाही.

16 फेब्रुवारी

काठ. समोर आणि दोन्ही बाजूंना 12 मिमी जाड, 25 मिमी रुंद सागवानी पट्टी प्लायच्या कडेला स्क्रूने. प्लाय आणि सनमायका मिळून 20 मिमी, म्हणजे पट्टी 5 मिमी वर येते आणि फोम तिच्यापेक्षा 5 मिमी उंच राहतो. पट्टी फोमच्या बरोबरीला आणायचा मोह होतो. आणू नये, फोम दबला की कॅबिनेटची कड पट्टीवर घासते आणि सगळा खटाटोप फुकट.

फोम प्लायला चिकटवलेला नाही. तीन बाजूंना काठ, मागे भिंत, तेवढ्याने बसतो. चिकटवला असता तर खराब तुकडा खरवडून काढायला दिवस गेला असता, आणि पांढरं फेव्हिकॉल तर सनमायका व ईव्हीए यांच्यामध्ये वाळतच नाही. दोन्हीकडून पाणी बाहेर जायला वाट नसते.

मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापला. कोरा कापला तर पहिल्या धुण्यात आखूड होतो. 1020 × 720, चारही बाजूंनी 60 मिमी फोमखाली मुडपलेला. दोन नग शिवले, एक वापरात, एक धुण्यात.

23 फेब्रुवारी

विद्युतरोधक मॅट गुंडाळीतून आली, तिला वाक होता. उलटी पसरून वर विटा ठेवून दोन दिवस. मग 8 मिमी ईव्हीएवर नुसती ठेवली. वरून चॅसी ओढून पाहिली : पत्र्याच्या कोपऱ्याने मॅटवर पांढरी रेघ, खोली नखाला लागत नाही. तीच चॅसी नुसत्या ईव्हीएवर ओढली तेव्हा 3 मिमीचा काप पडला होता. फोम उशी आहे, वरची कातडी दुसऱ्याच कशाची तरी हवी, हे या दोन रेघा शेजारी ठेवल्या की पटतं.

एक तोटा. मॅट रबराची, म्हणजे वर लिहिलेला गंधकाचा मुद्दा इथेही लागू. उघडी चॅसी आठवड्याहून जास्त राहणार असेल तर खाली वर्तमानपत्र नको (त्यातही आम्ल असतं), पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचा पातळ थर ठेवणे. खड्ड्यांसाठी नापास झालेला हा फोम साठवणुकीला सगळ्यात निरुपद्रवी आहे. कपाटातले सुटे व्हॉल्व्ह आता त्याच्यातच.

2 मार्च

उरलेल्या 10 मिमी पट्ट्यांतून ठोकळे. चॅसी उलटी करून काम करताना तिचा भार व्हॉल्व्ह किंवा आयएफटीच्या (वर उभ्या असलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांच्या) डब्यांवर येऊ नये, म्हणून चार कोपऱ्यांखाली 90 मिमी उंच आधार लागतात. सगळ्यात उंच भाग आधी मोजणे. या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर 78 मिमी.

पहिला ठोकळा 9 थर एकावर एक रचून केला. जाडीतला थोडाथोडा फरक एकाच बाजूला साठत गेला आणि ठोकळा पिसाच्या मनोऱ्यासारखा कलला. दुसऱ्यापासून पद्धत बदलली : 150 × 90 चे पाच तुकडे पुस्तकाच्या पानांसारखे उभे चिकटवले. ठोकळा 150 लांब, 50 जाड, 90 उंच. सगळी पानं खालपासून वरपर्यंत अखंड, भार चिकटवलेल्या जोडाच्या रेघेवर येत नाही, आणि उंची एकदाच कापल्याने सारखी राहते. चार ठोकळ्यांना 20 तुकडे.

चिकटवायला सुताराचं एसआर (कृत्रिम रबराचं चिकट द्रावण), मोच्यांचं सोल्युशनही त्याच जातीचं. दोन्ही तोंडांना पातळ हात, पत्र्याच्या तुकड्याने ओढून. मग 12 ते 15 मिनिटं थांबायचं. बोटाच्या मागच्या बाजूने टेकवून पाहायचं : चिकट लागलं पाहिजे, पण तार सुटता कामा नये. मग एका कडेपासून लावत जायचं आणि लाटण्याने दाबायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मधे बेकिंग पेपर ठेवून तो ओढत ओढत लावणे.

एक ठोकळा तीन मिनिटांत घाई करून जोडला. आतला टोल्यूइनसारखा द्रावक अडकून बसला, बंद पेशींतून त्याला बाहेर जाता येत नाही. चार दिवस मधली पानं साबणासारखी सरकत राहिली आणि त्या जागी फोम फुगला. फेकला. खिडकी उघडी, पंखा चालू, जवळ सोल्डरिंग गन नाही, हे वेगळं लिहायला नको. तरी लिहून ठेवलं.

20 एप्रिल

ऊन येणाऱ्या बाजूचा 901 चा तुकडा 893 भरला. पेठेत सगळ्यांनी सांगितलं होतं "आता काही आक्रसत नाही", आक्रसतं. कॅबिनेट आणि चॅसीच्या भागांमध्ये 7 मिमीची फट, आणि तिच्यात तीन 6 बीए, एक पायलट दिव्याचा स्प्रिंग. तुकडा चॅसीकडे सरकवून फट डाव्या काठापाशी नेली आणि तिथे 9 मिमीची पट्टी दाबून बसवली. खिडकीला अर्धा पडदा.

महिन्यातून एकदा कापड काढून फोमवरून चुंबक फिरवणे, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. पिशवी उलटी केली की कीस सुटतो. हा कीस कॅबिनेटला ओरखडतोच, पण स्पीकर कोनाच्या बाजूने उपडा ठेवला तर अधिक वाईट : चुंबकाच्या फटीत एक कण गेला की आवाज खरखरीत, आणि तो कण बाहेर काढणं म्हणजे स्पीकर उघडणं.

12 जुलै

पावसाचा दीड महिना. तिन्ही भाग उचलून पाहिले. ईव्हीएखाली सनमायकावर दमट ठिपके, सागवानी पट्टीच्या आतल्या कडेला पांढरी बुरशी. ईव्हीए स्वतः पाणी पीत नाही, पण खालची हवा कोंडते. स्पिरिटने पुसलं. पट्टीला आतल्या बाजूला 40-40 सेंमीवर 6 मिमीच्या खाचा पटाशीने घेतल्या. दर पंधरा दिवसांनी फोम उचलून संध्याकाळभर उभा करून ठेवणे, सप्टेंबरपर्यंत. झुरळांना ही उबदार फट आवडते, फोम उचलला की तीही हटतात, तोही फायदा.

आज एसआरने एक सुटलेलं पान जोडायला गेलो तर 15 मिनिटांत वरचा थर दुधासारखा पांढरा झाला आणि पकडलंच नाही. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव बसतं. पुसून, तुकडा 60 वॉटच्या दिव्याजवळ हाताला कोमट लागेपर्यंत ठेवून पुन्हा लावलं, 25 मिनिटं थांबून. धरलं.

फेब्रुवारीपासून रोज सेट ठेवतो ती जागा व्हर्नियरने पाहिली : चार बुटांचे खड्डे 0.3, 0.3, 0.4, 0.6 मिमी. 0.6 वाला ट्रान्सफॉर्मरच्या कोपऱ्याखालचा. पुढच्या आठवड्यात तुकडा अर्धा फिरवून ठेवणे.